कल्पना पुष्कळ, निर्णय कुणाचा?

उद्योगात नवे उत्पादन किंवा नवी पद्धत आणण्याच्या कामाची आखणी कशी करावी, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये कल्पना सुचत नाहीत अशी तक्रार जवळजवळ कुणीच केलेली नाही. सुचलेले पुढे कुणी न्यायचे, त्यावर किती पैसे घालायचे आणि कधी थांबायचे, येथेच बहुतेकांची गाडी अडलेली दिसते. त्यांपैकी पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्नकर्त्यांची आणि त्यांच्या कारखान्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही सूचनापेटी लावली आणि चांगल्या सूचनेला रोख बक्षीस जाहीर केले. पहिल्या महिन्यात पेटी भरून गेली. आता तिच्यात चहाचे कागदी कप सापडतात. कामगारांचा उत्साह टिकत का नाही?

उत्तर : उत्साह टिकला नाही असे म्हणण्यापूर्वी पहिल्या महिन्यातल्या चिठ्ठ्यांचे पुढे काय झाले, हे आपण तपासावे. आमचा अंदाज असा, की पेटीची किल्ली आपल्याकडे आहे, सवड मिळेल तेव्हा आपण ती उघडता, दोन-चार चांगल्या सूचना वहीत उतरवून घेता आणि उरलेल्यांना कोणतेच उत्तर जात नाही. कोअर (ओतकामात पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) बनवण्याच्या विभागातील टेबल चार इंच खाली घेतले, तर कोअर उचलताना तुटणार नाहीत, असे ज्याने लिहिले, त्याला बक्षिसाच्या आधी 'होय' किंवा 'नाही' एवढे ऐकायचे असते. ते महिनाभरात कानावर आले नाही, तर तो दुसरी चिठ्ठी लिहीत नाही, आणि शेजारच्यालाही लिहू नको म्हणून सांगतो.

जपानच्या टोयोटा कंपनीने १९५१ साली कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली आणि ती आजही चालू आहे. तेथे येणाऱ्या बहुतेक सूचना अगदी लहान असतात, त्यांवरचे बक्षीसही बहुधा किरकोळ असते. परंतु सूचना आली की ती त्या जागेच्या वरिष्ठाकडे जाते आणि तिची तड तेथेच लागते. आपणही पेटी काढून टाकावी आणि हजेरीच्या जागेजवळ एक फळा लावावा. त्यावर सूचना, ती आल्याची तारीख, निर्णय कोण घेणार त्याचे नाव, निर्णय आणि नकार असल्यास त्याचे कारण, एवढे रकाने पुरेत. कामाच्या सात दिवसांत उत्तर मिळेल असे जाहीर करावे आणि शिफ्टच्या सुपरवायझरला ठरावीक रकमेपर्यंत, समजा पाच हजार रुपयांपर्यंत, आपली सही न घेता खर्च करण्याची मुभा द्यावी. हा अधिकार दिला नाही, तर फळाही पेटीच्याच वाटेने जाईल.

दुसरे असे, की सगळ्या सूचना एका जातीच्या नसतात. टेबलाची उंची कमी करणे ही एक गोष्ट झाली. साच्यातील धातूची वाट बदलून नापास होणाऱ्या ओतीव मालाचे प्रमाण कमी करणे ही सर्वस्वी वेगळी. दुसऱ्या प्रकारात पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) बदलावा लागतो, नमुन्याचे ओतकाम करून तपासावे लागते, आणि ग्राहक वाहन उद्योगातला असेल तर प्रक्रियेतील बदलाला त्याची लेखी संमतीही घ्यावी लागते. असे काम सात दिवसांच्या फळ्यावर लिहिले, तर ते तेथे सहा महिने लटकत राहील आणि फळ्यावरचा विश्वास उडेल. त्याची नोंद स्वतंत्र ठेवावी व त्याला पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेली रीत लावावी.

रोख बक्षिसाविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. मोठी रक्कम ठेवली की मूळ कल्पना कुणाची, यावरून भांडणे होतात आणि माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. द्यायचेच असेल तर शिफ्टला किंवा विभागाला द्यावे. त्याहून महत्त्वाचा मुद्दा आपल्या पत्रात आलेलाच नाही, तो म्हणजे ठेक्यावरच्या माणसांचा. फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करण्याला) आणि वाळूच्या कामाला बहुतेक ठिकाणी ठेक्याची माणसे असतात, कामातल्या अडचणी त्यांनाच सर्वांत जास्त दिसतात, आणि दोन माणसांचे काम एकात होईल अशी सूचना केली तर घरी कोण जाणार, हेही त्यांना नेमके ठाऊक असते. सूचनेमुळे कुणाचेही काम जाणार नाही, असे आपण लेखी देऊ शकत असाल तरच त्यांच्याकडून अपेक्षा करावी.

प्रश्न : आमचा सांगली जिल्ह्यात शेती अवजारांचा कारखाना आहे आणि मी दुसऱ्या पिढीतला. बॅटरीवरचा फवारणी पंप, तण काढणारा लहान पॉवर वीडर आणि हळद पॉलिश करण्याचे सुधारित यंत्र, अशी तीन कामे तीन वर्षे चालू आहेत. एकही पूर्ण होत नाही आणि एकही बंद होत नाही. वडील म्हणतात धीर धर, बँकेचे अधिकारी म्हणतात आवरते घ्या. कुणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. आपल्याकडे अशा कामांच्या बैठका होत असतील, तर त्यांत 'कुठवर आले?' एवढेच विचारले जात असणार. 'पुढे चालू ठेवायचे का?' हा प्रश्न विषयपत्रिकेवर येतच नाही, म्हणून कामे ना पुरी होतात ना थांबतात.

कॅनडातील प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी १९८०च्या दशकात नव्या उत्पादनांसाठी 'स्टेज-गेट' ही पद्धत मांडली. तिचा गाभा सोपा आहे. कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक फाटक ठेवायचे, आणि ते उघडायचे की नाही हे आधी लिहून ठेवलेल्या अटींवर ठरवायचे. मोठ्या कंपन्यांत या पद्धतीभोवती तक्त्यांचे आणि कागदांचे रान माजते. आपल्याला त्याची गरज नाही. दर टप्प्याला एक प्रश्न, एक रक्कम, एक तारीख आणि निर्णय घेणाऱ्यांची नावे, एवढे एका पानावर असले की झाले. पैसे संपूर्ण कामासाठी मंजूर करू नयेत, पुढच्या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यापुरतेच करावेत.

हळदीच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. पहिला प्रश्न हा, की हळद शिजवून-वाळवून पॉलिश करून देणाऱ्यांना सध्याच्या ड्रममध्ये नेमके काय खटकते : वेळ, धूळ, तुटीचे प्रमाण की भाडे? याला खर्च मोटारसायकलच्या पेट्रोलचा. दुसरा प्रश्न, आपला नमुना ठरलेल्या वेळात ठरलेली झळाळी आणतो का आणि तूट कमी होते का. तिसरा, हे पाहून कुणी आगाऊ रक्कम देतो का; 'छान आहे, बाजारात आले की सांगा' हे उत्तर नकारातच धरावे. चौथा, त्या किमतीत ते तयार करून आपल्याला काही उरते का. जो प्रश्न विचारायला स्वस्त आहे आणि ज्याचे उत्तर प्रतिकूल आले तर सगळेच काम फुकट जाणार आहे, तो आधी विचारायचा. प्रत्यक्षात बहुतेक कारखानदार उलट करतात. ड्रॉइंगपासून सुरुवात होते, कारण ड्रॉइंग काढायला आवडते, आणि गिऱ्हाईक शेवटी आठवते.

फाटकावर कोण बसणार, हा कौटुंबिक उद्योगातला अवघड भाग आहे. ज्याचे काम आहे त्याने माहिती मांडावी, पण निर्णयात त्याचे मत धरू नये. हिशेब पाहणारे आणि गावोगाव दुरुस्तीला फिरणारे कारागीर यांना मात्र अवश्य बसवावे. यंत्र शेतावर कसे वापरले जाते आणि कशाने बिघडते, हे त्या कारागिराइतके कुणालाच माहीत नसते. वडीलधाऱ्यांनी सुरू केलेले काम थांबवायला कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून थांबण्याच्या अटी काम सुरू होण्यापूर्वी, कुणाचाच जीव त्यात अडकलेला नसताना लिहाव्यात.

आता वडिलांच्या धीराविषयी. ते आपल्याला बहुधा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देत असतील, आणि तो दाखला खोडून काढण्याजोगा नाही. लक्ष्मणरावांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. सहा महिन्यांच्या विक्रीचे फाटक लावले असते, तर तो नांगर तेथेच गंजला असता आणि पुढे १९१० साली किर्लोस्करवाडीत उभा राहिलेला कारखाना कदाचित वेगळाच झाला असता. परंतु या हकिगतीत दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. नांगर अडला होता तो मुख्यतः शेतकऱ्याच्या मनातल्या शंकेवर. आणि लक्ष्मणरावांकडे कडबा कापण्याचे यंत्र हे दुसरे उत्पादन होते. वाट पाहणे त्यांना परवडत होते. आपल्या तीन कामांपैकी कोणते खरीददाराच्या शंकेवर अडले आहे आणि कोणते यंत्रच नीट चालत नाही म्हणून अडले आहे, याची आधी वर्गवारी करा. तिसरा नमुनाही शेतात बंद पडत असेल, तर त्याला धीर म्हणता येणार नाही.

यंत्र चालते पण कुणी घेत नाही, अशा वेळी आपण विचारण्याची रीत तरी बरोबर आहे का, हे एकदा तपासावे. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने सहज चिकटणारे आणि सहज निघणारे चिठ्ठीचे कागद १९७७ साली चार शहरांत विकून पाहिले, तेव्हा त्यांना फारसा उठाव मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी बॉयसी या शहरात तेच कागद कचेऱ्यांतून फुकट वाटले. वापरून पाहिलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांनी पुन्हा घेऊ असे सांगितले आणि १९८० साली ते कागद अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले. वस्तू हातात घेतल्याखेरीज तिचा उपयोग कळत नसेल, तर जाहिरातपत्रक वाटून घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. आपला वीडर चार शेतकऱ्यांना हंगामभर वापरायला द्यावा, पण एकदाच, आणि हंगाम संपण्याची तारीख हीच निर्णयाची तारीख धरून.

थांबवलेल्या कामाची ड्रॉइंग, चाचण्यांचे आकडे आणि थांबवण्याचे कारण एका फायलीत नीट ठेवावे. वर सांगितलेल्या कागदामागचा सौम्य चिकट पदार्थ थ्री-एममधील स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्येच गवसला होता. त्याचा उपयोग आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये सुचला. मधली सहा वर्षे तो पदार्थ टिकला, कारण त्याची माहिती कंपनीत फिरत राहिली होती.

राहिला बँकेचा मुद्दा. एक डिझाइन पाहणारा माणूस आणि एक टूलरूम (साचे व हत्यारे बनवण्याचा विभाग) एवढ्या बळावर तीन कामे एकाच वेळी चालवली, तर तिन्हींना तिप्पट वेळ लागणार हे उघड आहे. आज एकच निवडा, उरलेल्या दोन्हींना क्रमांक द्या, आणि पहिल्याचा फाटकावरचा निर्णय होईपर्यंत त्यांना हात लावू नका.

प्रश्न : चाकणजवळच्या वाहनभागांच्या कारखान्यात मी व्यवस्थापक आहे. इंजिनचे भाग पुढे कमी लागतील म्हणून मालकांना नवी उत्पादने हवी आहेत. प्रत्येक अभियंत्याने आपला १५ टक्के वेळ नव्या कामाला द्यावा, असा आदेश निघाला आहे. प्रत्यक्षात महिनाअखेर आली की सगळे डिस्पॅचमध्ये, म्हणजे माल रवाना करण्यात अडकतात. हे कसे जमवावे?

उत्तर : १५ टक्क्यांची ही प्रथा थ्री-एमचीच आहे आणि ती तेथील प्रयोगशाळांतून वाढली. ज्या कारखान्याचे घड्याळ ग्राहकाच्या असेंब्ली लाइनला बांधलेले आहे, तेथे ती टिकणे अवघड आहे. लाइन थांबली तर दंड बसतो, नवे काम थांबले तर कुणाचेच तत्काळ बिघडत नाही. त्यामुळे दहा जणांचा थोडाथोडा वेळ घेण्यापेक्षा दोघांना चार-सहा महिन्यांसाठी पूर्ण मोकळे करावे, हा आमचा सल्ला आहे. त्यांच्या जागी कोण बसणार हे त्याच आदेशात नावानिशी लिहावे, नाहीतर जुनी कामे फोनवरून त्यांच्याच मागे लागतील.

महिंद्र अँड महिंद्र कंपनीने स्कॉर्पिओ तयार केली, तेव्हा पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या विभागांतील माणसे एकत्र आणून हे काम त्यांच्याकडे सोपवले होते, आणि गाडीतल्या कित्येक यंत्रणांच्या रचनेची जबाबदारी पुरवठादारांवर सुरुवातीपासूनच टाकली होती. सुमारे ६०० कोटी रुपये खर्चून ती गाडी २००२ साली बाजारात आली. तोवर मुख्यतः जीप आणि ट्रॅक्टरसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीसाठी हे मोठेच धाडस होते. आपला कारखाना त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे ग्राहकाच्या अशा गटात आपला माणूस ड्रॉइंग पक्के होण्यापूर्वी बसू शकतो का, हे विचारणे आपल्या हातात आहे. ड्रॉइंग हाती आल्यावर फक्त दर कमी करण्याची स्पर्धा उरते.

मोकळे केलेले ते दोघे परत कोणत्या जागेवर येणार, हेही आधीच ठरवावे लागते. काम फसले आणि परतल्यावर हाताखालचा माणूस वरच्या खुर्चीत दिसला, तर पुढच्या वेळी कुणीही पुढे येणार नाही. टाटा समूहाच्या 'इनोव्हिस्टा' या उपक्रमात प्रामाणिकपणे केलेल्या पण यश न मिळालेल्या प्रयत्नांसाठी 'डेअर टू ट्राय' हा स्वतंत्र गट आहे. एवढ्या समारंभाची आपल्याला आवश्यकता नाही. कामाच्या यशापयशावर त्यांची वार्षिक पगारवाढ अवलंबून राहणार नाही, हे पत्राने कळवले तरी भागेल.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यात आमचा कांदा प्रतवारीची यंत्रे बनवण्याचा छोटा व्यवसाय आहे. आमच्या फिटरने कांद्याची साल न सोलवटता आकाराप्रमाणे निवड करणारी एक जोडणी तयार केली. पुढच्या महिन्यात कृषी प्रदर्शनात ती मांडायची आहे. पेटंट आधी घ्यावे का, आणि ते कुणाच्या नावावर होईल?

उत्तर : प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज दाखल करा, हे सर्वांत महत्त्वाचे. शोध एकदा जाहीर झाला की त्याची नवीनता जाते, आणि प्रदर्शनासाठी कायद्यात असलेली सवलत फक्त केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांपुरती आहे. तालुक्याच्या कृषी महोत्सवाला ती मिळेल असे धरून चालू नये. संपूर्ण विवरण (शोधाचे सविस्तर लेखी वर्णन) तयार नसेल, तर तात्पुरत्या विवरणासह अर्ज करता येतो आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण विवरण द्यावे लागते. लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटचे मानधन वेगळे आणि साहजिकच बरेच जास्त. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. पुढे ३१ महिन्यांच्या आत परीक्षणाची विनंती करावी लागते, ती केली नाही तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. पेटंट मिळाल्यास त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

मात्र पेटंट कायदा, १९७० नुसार आधीच माहीत असलेली साधने नुसती एकापुढे एक मांडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिले, तर त्याला पेटंट मिळत नाही. आपल्या जोडणीत भाग एकत्र आल्यामुळे काही नवा परिणाम होतो का, हे विवरणात मोजमापांसह दाखवावे लागेल : सालीचे नुकसान आधी किती, आता किती. म्हणून प्रदर्शनाच्या तयारीइतकाच वेळ या चाचणीला द्यावा. आणि खर्च करण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. यंत्र उघडून पाहिले की युक्ती कळत असेल, तर पेटंटाला अर्थ आहे. ती आपल्या कारखान्यातल्या एखाद्या प्रक्रियेत दडलेली असेल, तर गुप्तता पाळणे स्वस्त पडते. वेगळेपण केवळ बाह्य रूपात असेल, तर डिझाइन नोंदणी पुरते. तिचे संरक्षण १० वर्षांचे असून आणखी ५ वर्षे वाढवता येते.

नावाचा प्रश्न आपण विचारलात हे बरे केले. शोधकर्ता म्हणून फिटरचे नाव अर्जात आलेच पाहिजे. तेथे मालकाचे नाव घालणे चुकीचे आहे. नोकर आहे म्हणून त्याचा शोध आपोआप मालकाचा होतो, असे आपला पेटंट कायदा म्हणत नाही. व्यवसायाच्या नावावर अर्ज करायचा असेल, तर त्याच्याकडून हक्कांचे लेखी हस्तांतरण घ्यावे लागते. ते करताना त्याला काय मिळणार, हेही त्याच कागदावर लिहावे. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम हा मार्ग आम्हाला एकरकमी बक्षिसापेक्षा न्याय्य वाटतो. पुढच्या भरतीपासून ही अट नेमणूकपत्रातच घालावी.

प्रश्न : पुण्यातील आमच्या अभियांत्रिकी कंपनीला एका सल्लागाराने नवोपक्रम व्यवस्थापनाचे (नव्या कल्पना प्रत्यक्षात आणण्याच्या कामाच्या आखणीचे) आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या मानकाचे, प्रमाणपत्र घेण्याचा आग्रह धरला आहे. घ्यावे का?

उत्तर : कोणत्या क्रमांकाचे, ते आधी विचारा. २०१९ सालचे आयएसओ ५६००२ हे मार्गदर्शनपर मानक आहे, ते प्रमाणपत्रासाठी लिहिलेलेच नाही. प्रमाणपत्र मिळू शकते ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ५६००१ चे. तेही आयएसओ स्वतः देत नाही, बाहेरच्या प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला अधिस्वीकृती (प्रमाणपत्र देण्याची अधिकृत मान्यता) आहे का हे तपासावे लागते. एखादा मोठा ग्राहक ते मागत असेल तर घ्यावे. तसे नसेल, तर सल्लागाराचे शुल्क तूर्त बाजूला ठेवावे आणि मानकाची प्रत विकत घेऊन तिच्यात विचारलेले मुद्दे आपल्या चालू कामांना लावून पाहावेत : प्रत्येक कामाचा जबाबदार माणूस कोण, त्याला पैसे कुठून मिळतात, त्याचा आढावा कधी आणि कुणापुढे होतो. हे एका बैठकीत सांगता येत नसेल, तर लेखापरीक्षकापुढे मांडायला आपल्याकडे अजून काही नाही.